लागू पडेल का?

या वीकांताला एका प्रश्नाचा इतिहास लिहायला घेतलाय. प्रश्न तसा घरोघरचाच आहे: "डॉक्टर, हे औषध लागू पडेल ना?" मराठीत 'लागू पडणं' हा फार नेमका शब्दप्रयोग आहे. औषध चांगलं असणं वेगळं आणि ते या माणसाला लागू पडणं वेगळं. या दोन गोष्टींमधलं अंतर मोजायला विज्ञानाला शंभर वर्षं पुरली नाहीत. त्याचीच ही गोष्ट, आणि तीही एकाच आजारापुरती. गर्भाशयमुखाचा कॅन्सर. आपल्याकडे बायका त्याला 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास दगावतात. म्हणजे विषय काही कोपऱ्यातला नाही.

या आजारावरचा मुख्य उपचार म्हणजे रेडिएशन. (आमच्याकडे वसई-विरारला कुणी 'लाईट घेणं' म्हणतं, कुणी 'शेक'.) सुरुवात रेडियमपासून झाली. क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियम शोधलं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांतच डॉक्टर ते या कॅन्सरवर वापरू लागले. कारण अगदी साधं. गर्भाशयाचं तोंड ही अशी जागा आहे की जिथे रेडियमची नळी थेट गाठीला टेकवून ठेवता येते, पोट फाडावं लागत नाही. स्टॉकहोम, पॅरिस, मँचेस्टर अशा एकेका शहराने आपापली पद्धत बसवली: किती रेडियम, किती तास, नळ्या कशा मांडायच्या. आजही उपचाराचा एक भाग 'आतून' दिला जातो तो याच वंशातला.

मुंबईत लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला उभं केलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. भारतातल्या पॅथॉलॉजीचा पाया घालणारा हा माणूस. पण तेव्हा परळमध्ये काय किंवा पॅरिसमध्ये काय, एक कोडं सगळीकडे सारखंच होतं. दोन बायका, गाठ एवढीच, स्टेज तीच, डोसही तोच. एक बरी होते आणि दुसरीची गाठ सहा महिन्यांत परत येते. का?

उत्तराचा पहिला धागा एका रुग्णाकडूनच आला, तिला न विचारता. १९५१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात हेन्रिएटा लॅक्स नावाची कृष्णवर्णीय बाई याच कॅन्सरसाठी दाखल झाली. रेडियम ठेवताना तिच्या गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला गेला. रेडियमचा उपयोग झाला नाही आणि ४ ऑक्टोबर १९५१ ला, वयाच्या ३१ व्या वर्षी ती गेली. तिच्या पेशी मात्र काचेच्या भांड्यात वाढतच राहिल्या. त्याच जगप्रसिद्ध 'हेला' पेशी. १९५६ मध्ये पक आणि मार्कस या दोघांनी या पेशींवर क्ष-किरण सोडले आणि किती डोसला किती पेशी जगतात याचा आलेख काढला. माणसाच्या पेशींचा असा पहिला नीट आलेख तो हाच. त्यातून दिसलं काय, तर समज होता त्यापेक्षा कितीतरी कमी डोसला पेशी मरतात!

आता गंमत बघा. (गंमत म्हणवत नाही, पण शब्द सुचत नाहीये.) काचेतल्या पेशी थोड्याशा किरणांनी मरतात, आणि ज्या बाईच्या त्या पेशी, ती रेडियम घेऊनही वाचत नाही. म्हणजे उत्तर एकट्या पेशीत नाही, पेशी कुठे आणि कशी राहते यातही आहे. यातला एक मोठा तुकडा लंडनमध्ये ग्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच मांडला होता: ऑक्सिजन. जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. गाठ भराभर वाढते, रक्तवाहिन्या मागे पडतात, आणि आतल्या भागातल्या पेशी गुदमरल्या अवस्थेत चिवट होऊन बसतात. रेडिएशनचा डोस आज 'ग्रे' या एककात मोजतात ते याच माणसाच्या नावाने.

पण गाठीच्या आत ऑक्सिजन किती हे रोजच्या ओपीडीत मोजणार कसं? सुया खुपसून मोजलं काही जणांनी, पण ते काही सर्रास होण्यातलं काम नव्हतं. त्यामुळे पुढची चाळीसेक वर्षं प्रश्न तसाच पडून राहिला. मग १९९५ उजाडलं.

इथून पुढे आपल्या, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांच्या, ओळखीचा प्रदेश सुरू होतो. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो. एकच सोर्स कोड सगळ्या मशीन्सवर टाकलेला, असं समजा. यकृत वेगळं आणि कातडी वेगळी ती कुठले प्रोग्रॅम चालू आहेत आणि कुठले बंद आहेत यामुळे. जनुक चालू असलं की त्याच्या आरएनए-प्रती निघतात, आणि त्या मोजल्या की कळतं कुठलं जनुक किती कामात आहे. थोडक्यात, टास्क मॅनेजर उघडून बघणं! १९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या टीमने काचपट्टीवर अशी मोजणी एकदम ४५ जनुकांची करून दाखवली, तीसुद्धा एका रानटी रोपाच्या. चार वर्षांत मजल कुठवर गेली? १९९९ मध्ये गोलब आणि मंडळींनी ल्युकेमियाचे दोन प्रकार फक्त जनुकांच्या हालचालीवरून ओळखून दाखवले. ३८ नमुन्यांवर शिकले आणि वेगळ्या ३४ नमुन्यांवर तपासलं. ट्रेनिंग सेट, टेस्ट सेट, सगळं व्यवस्थित.

झालं. सगळ्या जगाला वाटलं की आता 'लागू पडेल का'चं उत्तर हातात आलंच. २००२ मध्ये जपानमधल्या टीमने आपल्या विषयातला पहिल्यांपैकी एक पेपर काढला: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या १९ रुग्ण, काचपट्टीवर तेवीस हजारांच्या आसपास जनुकं, आणि त्यातून निवडलेली ६२ जनुकं जी 'रेडिएशनला दाद देणाऱ्या' आणि 'दाद न देणाऱ्या' गाठी वेगळ्या काढतात. पुढच्या वर्षी हाँगकाँगमधून तसाच पेपर. मग इतर ठिकाणांहून. प्रत्येकाची यादी वेगळी.

तुमच्यापैकी ज्यांनी डेटाशी दोन हात केलेत त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ओळी १९, कॉलम तेवीस हजार! साधा हिशोब करा. कुठल्याही जनुकाचा रेडिएशनशी काडीचा संबंध नाही असं धरलं आणि 'पाच टक्के' ही नेहमीची कसोटी लावली, तरी तेवीस हजारांतली साडेअकराशे जनुकं निव्वळ योगायोगाने 'संबंधित' दिसतील. त्यातून ६२ निवडणं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते पुढच्या, न पाहिलेल्या रुग्णावर ती यादी चालणं. आपल्या भाषेत ओव्हरफिटिंग. जपानी टीमला हे ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. त्या काळात एकेक काचपट्टी महाग होती आणि गाठीचा ताजा तुकडा मिळणं त्याहून कठीण. पहिलं पाऊल छोटंच असणार. पण पहिल्या पावलालाच मुक्काम समजण्याची घाई सगळ्या क्षेत्राला झाली होती.

ही घाई किती महागात पडते त्याचं उदाहरण दुसऱ्या कॅन्सरांमधलं आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या टीमने जाहीर केलं की कुठल्या रुग्णाला कुठली केमोथेरपी लागू पडेल हे जनुकांवरून सांगता येतं. टेक्सासमधले दोन संख्याशास्त्रज्ञ, बॅगरली आणि कूम्ब्स, यांनी तो डेटा घेऊन तेच उत्तर काढायचा प्रयत्न केला. जुळेना. खोदत गेल्यावर सापडलं काय? जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली! हो, तोच आपला ऑफ-बाय-वन. शिवाय काही ठिकाणी 'दाद देणारे' आणि 'दाद न देणारे' यांची लेबलं उलटी. दोघांनी २००९ मध्ये हे सविस्तर छापलं. तोवर या पद्धतीवर खऱ्या रुग्णांच्या चाचण्या सुरू झालेल्या होत्या. त्या २०१० मध्ये थांबल्या आणि मूळ पेपर २०११ मध्ये मागे घेतला गेला. आपल्याकडे असा बग प्रॉडक्शनला गेला तर रात्री फोन येतो. इथे त्या बगवरून माणसांची औषधं ठरत होती. (आणि त्या प्रकरणात पुढे अमेरिकन सरकारी चौकशीत निव्वळ निष्काळजीपणा नव्हे, तर संशोधनातला गैरप्रकार असल्याचा ठपकाही आला, २०१५ मध्ये.)

दुसरा किस्सा थोडा हलका. २०११ मध्ये व्हेनेट आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरचं भविष्य सांगणाऱ्या, छापून आलेल्या ४७ जनुक-याद्या घेतल्या आणि त्यांची तुलना चिठ्ठ्या टाकून काढलेल्या तेवढ्याच जनुकांशी केली. निम्म्याहून जास्त याद्या चिठ्ठ्यांपेक्षा सरस निघाल्या नाहीत! जेवणानंतर हसल्याने कुठली जनुकं बदलतात अशा एका अभ्यासातली यादीसुद्धा कॅन्सरचं 'भविष्य' सांगत होती :-) कारण असं की पेशी किती वेगाने वाढतायत हे हजारो जनुकांमध्ये उमटतं. कुठलीही मूठ उचला, थोडंफार भविष्य हाताला लागतंच.

मग हे सगळं थोतांडच का? नाही. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात भरवशाचं काम ऑस्लोमध्ये झालं, तिथल्या रेडियम हॉस्पिटलात. हायडी लिंग यांच्या टीमने 'सगळी जनुकं बघू आणि काय सापडतं ते पाहू' असं न करता ग्रेचा जुना धागा धरला. प्रश्न आधी ठरवला: गाठीत ऑक्सिजन कमी आहे का? मग एमआरआयमध्ये औषध गाठीत कसं पसरतं ते पाहिलं, पेशींना प्रयोगशाळेत ऑक्सिजन तोडल्यावर कुठली जनुकं जागी होतात ते पाहिलं, आणि दोन्हींचा मेळ घातला. २०१६ मध्ये त्यांनी फक्त ६ जनुकांची कसोटी मांडली आणि ती वेगळ्या रुग्णांवर तपासली. ६२ वरून ६ वर येणं ही मला प्रगतीची खूण वाटते. तरीही आज रोजच्या उपचारात निर्णय होतो तो स्टेज, गाठीचा आकार, लिम्फ नोड, किडनीची अवस्था आणि स्कॅन यांवरूनच. जनुकांच्या हालचालीवरून कुणाचं रेडिएशन ठरवण्याची पद्धत अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाही.

आता परत मुंबईला येऊ, कारण याच काळात परळला काहीतरी वेगळं चाललं होतं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने पाच चाचण्यांच्या आधारे जाहीर केलं की रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे औषध द्या, जास्त बायका वाचतात. पण आपल्याकडच्या बायका येतात कुठल्या अवस्थेत? बऱ्याच जणी तिसऱ्या स्टेजला, गाठ ओटीपोटाच्या भिंतीला टेकलेली, अंगात रक्त कमी. जगभरच्या चाचण्या एकत्र करून २००८ मध्ये हिशोब आला तेव्हा तिसऱ्या स्टेजपासून पुढच्या गटात फायदा जेमतेम ३ टक्के दिसत होता. मग किडनीवर ताण आणणारं औषध या बायकांना द्यावं का? टाटा मेमोरियलने अंदाज बांधत बसण्याऐवजी मोजायचं ठरवलं. २००३ ते २०११ या काळात 'तीन-बी' स्टेजच्या ८५० बायका चाचणीत घेतल्या. चिठ्ठी टाकून निम्म्यांना नुसतं रेडिएशन, निम्म्यांना सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन. डॉ. श्याम श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी निकाल २०१८ मध्ये छापला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या: नुसत्या रेडिएशनवाल्या ४६ टक्के, औषधवाल्या ५४ टक्के.

शंभरात आठ जणी जास्त. तिसऱ्या स्टेजला ही मोठी गोष्ट आहे. पण हाच आकडा जरा वेगळ्या बाजूने बघा. ढोबळ हिशोबाने शंभरातल्या ४६ जणी औषधाशिवायही वाचल्या असत्या. दुसऱ्या ४६ जणी औषध घेऊनही गेल्या. फरक पडला तो मधल्या ८ जणींना. आणि उलट्या, अशक्तपणा, किडनीच्या तपासण्या मात्र शंभरही जणींना. या आठ कोण हे आधी ओळखता आलं असतं तर बाकीच्यांचे निदान ते हाल वाचले असते, आणि ज्या ४६ जणींना काहीच लागू पडणार नव्हतं त्यांच्यासाठी तिसरंच काहीतरी शोधता आलं असतं. जनुकांच्या हालचालीचा सगळा खटाटोप या आठ जणींना नावानिशी ओळखण्यासाठी आहे.

माझ्या एका मावशीने (सख्खी नाही, विरारला आमच्या शेजारी राहायची) २०१८ च्या पावसाळ्यात हा उपचार घेतला. तीन-बी स्टेज. पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, विरारहून दादर आणि तिथून टॅक्सी. जाऊन येऊन चार तास. मी दोन-तीनदा सोबत गेलो होतो. बोरिवलीच्या आसपास एकदा तिने विचारलं, "लागू पडंल ना रे, तुमचं ते कम्प्युटर काय म्हणतं?" मी म्हटलं, "मावशी, कम्प्युटर निम्म्या-निम्म्याच्या वर काही सांगत नाही." ती म्हणाली, "मग तेवढं तर देवळातला गुरवपण सांगतो." त्या जुलैत वसई-नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी भरलं, गाड्या बंद पडल्या आणि तिचे दोन डोस हुकले. डॉक्टरांनी लगेच शनिवार धरून ते भरून काढले. आज ती ठणठणीत आहे. पण ती त्या ४६ मधली की त्या ८ मधली हे कुणालाही कधीही कळणार नाही. एका माणसावर प्रयोग एकदाच होतो, दुसरी बाजू बघायला मिळत नाही. म्हणूनच ८५० लागतात.

डॉक्टरांनी शनिवार का धरला हेही सांगायला हवं. या कॅन्सरमध्ये सगळा उपचार, आतला-बाहेरचा मिळून, साधारण आठ आठवड्यांत संपवायचा असतो. त्यापुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे यश अंदाजे एक टक्क्याने घसरतं, असं जुन्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. विचार करा. विरारच्या बाईला निदान लोकल तरी आहे. त्याच पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या किंवा जव्हारच्या बाईने पाच आठवडे रोज मुंबई गाठायची कशी? ती आठवडाभर घरी राहिली तर सहा जनुकांच्या कसोटीने जे काही कमावलं असतं ते एसटीच्या तिकिटात आणि बुडालेल्या मजुरीत निघून जाईल. 'लागू पडेल का' यात गाठीची जनुकं येतात, तसं घर आणि हॉस्पिटल यांच्यातलं अंतरही येतं.

आणि आता या इतिहासातला मला सगळ्यात आवडलेला भाग. जनुकांची एक चाचणी अशी आहे की जिने हजारो बायकांवर स्वतःला सिद्ध केलंय, आणि ते घडलंय आपल्या मराठवाड्यात. फक्त ती गाठीची जनुकं बघत नाही, विषाणूची बघते. हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. हाराल्ड झुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये एचपीव्ही-१६ गाठीत सापडल्याचं दाखवलं, २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात (२०२३ पासून धाराशिव) मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, असे तिघे मिळून. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावागावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्हीच्या डीएनएची तपासणी, तीही आयुष्यात एकदाच. काहींत पॅप तपासणी, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणं, आणि एका गटात नेहमीचीच व्यवस्था. २००९ मध्ये निकाल छापला: एचपीव्ही गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, तुलनेच्या गटात ६४. दोन्ही गटांत तीस-चौतीस हजार बायका. मृत्यू जवळजवळ निम्मे! (तुलनेच्या गटाला तपासणी का दिली नाही यावर पुढे बरीच टीका झाली, आणि तो प्रश्न रास्त आहे. या आकड्याची किंमत त्या बायकांनी मोजली हे विसरू नये.)

ही चाचणी यशस्वी का झाली? एक, तिच्यामागे कारण पक्कं होतं. विषाणू नाही तर कॅन्सर जवळजवळ नाहीच. दोन, आकडा १९ नव्हता, सव्वा लाखाहून जास्त होता. आणि तीन, उत्तर 'हो' आलं तर पुढे काय करायचं ते ठरलेलं होतं आणि बार्शीला करता येत होतं. गाठीच्या जनुकांवरच्या याद्यांमध्ये बहुतेक वेळा या तिन्हीपैकी एकतरी गोष्ट नव्हती. समजा उद्या मशीनने सांगितलं की या बाईला रेडिएशन लागू पडणार नाही. मग तिला देणार काय? आता कुठे काही उत्तरं येऊ लागलीत. रेडिएशनआधी थोडी केमोथेरपी, किंवा सोबत इम्युनोथेरपी, यांनी फायदा होतो असे मोठ्या चाचण्यांचे निकाल २०२४ मध्ये आले. निवडायला पर्याय असला की निवडणाऱ्या चाचणीला अर्थ येतो. त्यामुळे मला वाटतं जनुकांच्या कसोटीचे खरे दिवस पुढेच आहेत. अट एकच, यादी आधी कुलूपबंद करा, मग न पाहिलेल्या शेकडो बायकांवर चालवा, आणि कोड व डेटा दुसऱ्याला तपासायला द्या. आपण कोड रिव्ह्यूशिवाय साधं लॉगिन पेज सोडत नाही, इथे तर...

असो. वाचून झालं असेल तर एक काम करा. घरी तीस ते पासष्ट वयाची आई, बहीण, मावशी, बायको जी कोण असेल, तिला एचपीव्ही तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगा. नऊ ते चौदा वयाची मुलगी असेल तर लशीबद्दल विचारा, पुण्यात बनलेली लसही २०२३ पासून बाजारात आहे. आणि घरकाम करणाऱ्या मावशींनाही सांगा, त्यांच्यापर्यंत हे ब्लॉग वगैरे पोचत नाहीत.

पुढच्या वीकांताला जमलं तर रेडिएशनच्या मशीनचीच गोष्ट लिहीन. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशी कोबाल्ट मशीन बनवलं, त्याचं नाव 'भाभाट्रॉन'. नाव ऐकूनच लिहावंसं वाटलं.